तोंड आलंय, पण नेमकं कुठे?

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ३ वर्षांचा. चार दिवसांपूर्वी ताप भरला, १०२ च्या पुढे गेला. तिसऱ्या दिवशी तोंड आलं. आता हिरड्या लालभडक आहेत, ब्रश टेकवला की रक्त येतं, लाळ सारखी गळते आणि दुधाचा कप दिसला तरी रडतो. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिक दोन दिवस चालू आहे, फरक नाही. घरात म्हणतात, पोटात उष्णता झाली. सासऱ्यांच्या ओठावर गेल्या आठवड्यात फुटकुळ्या होत्या, त्यातून लागलं का? मोठी मुलगी १२ वर्षांची, तिला तर दर महिन्याला तोंड येतं, तेही हेच का? व्हायरल आहे हे घरी ओळखायचं कसं? आणि धाकट्याला प्ले स्कूलला कधी पाठवू?

ताई, आधी आजचं काम सांगते, मग बाकीचं. मुलानं शेवटची लघवी कधी केली ते आठवा. सहा-आठ तास होऊन गेले असतील, रडताना डोळ्यांत पाणी येत नसेल, किंवा तो नुसता मलूल पडून असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. या आजारात मुलं विषाणूनं जेवढी खचतात त्याहून जास्त पोटात पाणी न गेल्यानं खचतात. लाळ गळत असते म्हणून तोंड ओलं दिसतं आणि आईला वाटतं, पाणी कुठे कमी पडलंय? पण ती लाळ म्हणजे शरीरातून बाहेर चाललेलं पाणीच. गिळताना आग होते म्हणून मूल ती गिळत नाही, सोडून देतं. तेव्हा ओल्या तोंडावर जाऊ नका, लघवी आणि अश्रू बघा.

लघवी होतेय, मूल डोळ्याला डोळा देतंय, मग थोडं निवांत बसून पुढचं वाचा. तरीही आजच्या दिवसात डॉक्टरांना दाखवाच. का, ते खाली येईलच.

मी रामबागेत ३० वर्षं दवाखाना चालवते, मुखरोग हा माझा विषय. तुमच्या मुलासारखं मूल महिन्याला दोन-तीन तरी येतं. अशी मुलं खुर्चीत बसत नाहीत. मग आई आणि मी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतो, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर, आणि डोकं मागे माझ्या मांडीत. तोंड उघडायच्या आधीच पुष्कळ कळतं. शर्टाचा गळा लाळेनं भिजलेला, हनुवटीची कातडी त्यामुळे लाल झालेली, जबड्याखाली बोट लावलं की गाठी लागतात, आणि श्वासाला एक वेगळाच आंबूस-कुबट वास. मग ओठ हलकेच उचलायचा. दातांच्या कडेनं हिरडीची किनार डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल आणि फुगलेली. जिभेच्या टोकाला, ओठाच्या आत, टाळूवर टाचणीच्या डोक्याएवढे फोड. काही फुटून त्यांची पिवळट-राखाडी चट्ट्यांची जखम झालेली, दोन-तीन एकमेकांत मिसळून वेडीवाकडी पसरलेली. कधी ओठाबाहेरही चार फोड. हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा, म्हणजे एचएसव्ही-१ चा, आयुष्यातला पहिला संसर्ग. ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांत जास्त दिसतो. क्रम ठरलेला असतो: आधी एक-दोन दिवस नुसता ताप आणि चिडचिड, मग हिरड्या आणि फोड. तुमच्याकडे अगदी तोच क्रम आहे. मी मुलाला पाहिलेलं नाही, म्हणून छातीठोकपणे सांगत नाही, पण तापानंतर दोन दिवसांनी सगळ्या हिरड्या सुजणं ही या आजाराची मोठी खूण आहे.

हर्पिस हा शब्द काढला की समोरच्या कुटुंबाचे चेहरे उतरतात. लैंगिक आजार म्हणून त्यांनी तो ऐकलेला असतो. तो बहुतांशी एचएसव्ही-२. तोंडातला हा त्याचा भाऊबंद, आणि जगातल्या पन्नाशीच्या आतल्या दर ३ माणसांपैकी साधारण २ जणांच्या शरीरात तो आहे. बहुतेकांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो, तोही इतका सौम्य की 'दात येताना ताप आला होता' एवढंच आईला आठवतं. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

आता ओळखायचं कसं. मराठीत आपण सगळ्यालाच 'तोंड आलं' म्हणतो, इथले हिंदी शेजारी सगळ्यालाच 'छाले' म्हणतात. शब्द एक झाला की औषधही एक होतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत आले की फोड कसा दिसतो हे नंतर, आधी तो कुठे बसलाय ते बघा. आत्ता तुमची जीभ टाळूच्या पुढच्या भागावर फिरवा. खरखरीत, घट्ट, हाडाला चिकटलेली कातडी लागेल. दातांलगतची हिरडीही तशीच घट्ट. आता जीभ गालाच्या आत फिरवा. मऊ, ओलसर, हलणारी. तोंडाचा हा घट्ट भाग आणि हा हलता भाग, एवढा फरक कळला की अर्धं निदान घरी होतं.

तुमच्या मोठ्या मुलीचं बघा. तिला फोड ओठाच्या आत, गालाला, जिभेखाली, म्हणजे हलत्या भागात येत असतील. एक-दोनच, गोल, मध्ये पिवळसर आणि भोवती लाल कडं. ताप नाही, हिरड्या ठीक. सात ते दहा दिवसांत आपोआप बरे, मग पुन्हा पुढच्या महिन्यात. तर तो विषाणू नाही. ते ॲफ्थस अल्सर. ते कुणाला लागत नाहीत, तिचा पेला वेगळा ठेवायची गरज नाही. त्यांची मुळं दुसरीकडे असतात: लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता, परीक्षेचा ताण, वेडावाकडा दात लागणं, घरातली अनुवंशिकता. आपल्या घरांतून शाकाहार आहे, त्यामुळे बी-१२ तपासून घ्या. आणि वजन वाढत नसेल, पोट सारखं बिघडत असेल, तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजाराची रक्ततपासणीही सांगा. दर महिन्याला तोंड येणाऱ्या मुलीला जेल लावत राहणं म्हणजे छत गळतंय तिथे रोज फरशी पुसणं आहे.

हर्पिसचा विषाणू पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा मात्र तो तोंडाच्या आत बहुधा घट्ट भागातच येतो, टाळूच्या पुढच्या बाजूला किंवा हिरडीवर, बारीक-बारीक फोडांचा घोळका. हा फरक नुसता पुस्तकी नाही. ॲफ्थसवर स्टेरॉइडचं मलम चालतं, आराम पडतो. तेच मलम हर्पिसच्या फोडांवर लावलं तर आग विझायच्या ऐवजी पसरते. मेडिकलवर 'छाले की दवा दे दो' म्हटलं की बऱ्याचदा ते स्टेरॉइडचं मलमच हातात येतं. म्हणून जागा बघितल्याशिवाय काही चोपडू नका, ही माझी कळकळीची विनंती.

लहान मुलांत तिसरी जागा म्हणजे घशाकडची मागची बाजू. अचानक जोराचा ताप, मूल घसा धरून रडतंय, टॉर्च मारल्यावर पडजीभ आणि तिच्या आजूबाजूच्या मऊ टाळूवर मोजून पाच-सहा फोड, पण पुढच्या हिरड्या अगदी निरोगी गुलाबी. याला हर्पँजायना म्हणतात. नावात हर्पिसचा भास आहे, विषाणू मात्र वेगळा, बहुतेकदा कॉक्सॅकी ए गटातला. आठवड्याच्या आत बरं होतं. हर्पिसचं औषध याला लागू पडत नाही.

त्याच घराण्यातला दुसरा प्रकार हातापायांवरही जातो. तोंडात जीभ-गालावर फोड, आणि एक-दोन दिवसांत तळहात, तळपाय, गुडघे, कुल्ल्यांवर लालसर दाणे. हात-पाय-तोंडाचा हा आजार पावसाळ्यात आमच्याकडे प्ले स्कूलमधून रांगेनं येतो. २०२२ साली केरळात 'टोमॅटो फ्लू' म्हणून गाजला तो हाच निघाला. गावाकडच्या आज्या विचारतात, गुरांची लाळ्या-खुरकूत ती हीच का? नाही. गुरांचा विषाणू वेगळा, गोठ्यातून मुलांना हा आजार येत नाही. कारण बहुतेक वेळा कॉक्सॅकी ए-१६ किंवा ए-६ असतं आणि आठ-दहा दिवसांत सगळं निवळतं. पुढे महिन्या-दीड महिन्यानं मुलाची नखं मुळापासून सुटून आली तर घाबरू नका, दुखत नाहीत, नवी येतात. हे आधी सांगून ठेवलं नाही तर आया रात्री फोन करतात, आणि त्यांची भीती साहजिक असते. घाबरायचं कधी? मूल झोपेत सारखं दचकत असेल, हातपाय झटके देत असतील, चालताना तोल जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर. एन्टेरोव्हायरस ७१ हा याच कुळातला विषाणू मेंदूपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण तेव्हा तास महत्त्वाचे असतात.

गोवराबद्दल मला स्वतःचं एक सांगायचं आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक दीड वर्षाचं बाळ आलं, ताप, खोकला, डोळे लाल. गालाच्या आत, दाढांच्या समोर लाल कातडीवर रव्याचे कण पसरावेत तसे बारीक पांढरे ठिपके होते. मी ते फंगस समजले आणि थेंब लिहून दिले. दोन दिवसांनी बाळाच्या कानामागून पुरळ उठायला लागलं. ते कॉप्लिकचे ठिपके होते, गोवराचे, पुरळ दिसायच्या दोन-तीन दिवस आधी तोंडात येणारे. न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक या बालरोगतज्ज्ञांनी १८९६ मध्ये त्यांचं वर्णन करून ठेवलं होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं, आणि समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. माझ्या वेटिंग रूममध्ये त्या दिवशी दोन तान्ही बाळं होती. ती वाचली, पण ते दोन आठवडे मला नीट झोप लागली नाही. फंगसचा पांढरा थर कापसानं पुसला की निघतो आणि खाली लाल दिसतं, कॉप्लिकचे ठिपके निघत नाहीत. तुमच्या दोन्ही मुलांची गोवर-रुबेलाची लस, पहिली ९ ते १२ महिन्यांची आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांची, झाली आहे का ते कार्डावर बघा.

गालगुंड सरकारी वेळापत्रकात नाही, त्याची लस वेगळी विचारून घ्यावी लागते. ओळख सोपी: कानाच्या पाळीखाली सूज, पाळी वर उचललेली, आणि लिंबाचं नाव काढलं तरी जबड्यात कळ. दातामुळे आलेली सूज बहुधा जबड्याच्या कडेला किंवा गालावर येते, गालगुंडाची सूज जबड्याचा कोपराच बुजवून टाकते.

आता मोठ्यांचा एक प्रकार, कारण तुमच्या घरात आजी-आजोबा आहेत. राजेंद्रनगरातले एक निवृत्त बँकवाले काका माझ्याकडे आले. डावीकडे वरची दाढ चार दिवस ठणकत होती. एका ठिकाणी त्यांचं रूट कॅनल झालं होतं, ठणका तसाच. दुसऱ्या ठिकाणी शेजारचा दातही काढू या म्हणाले. मला म्हणाले, "डॉक्टर, दुखणं दातात नाहीच हो, गालात आग लागून राहिली आहे." हे वाक्य मी कान देऊन ऐकलं. दातावर ठोकून पाहिलं, काही नाही. एक्स-रे स्वच्छ. मग टाळूवर आरसा धरला. डाव्या अर्ध्या टाळूवर फोडांची ओळ, आणि ती बरोबर मध्यरेषेवर येऊन थांबलेली, जणू कुणी फूटपट्टी ठेवून रेघ मारली होती. उजवा अर्धा भाग कोरा. ती नागीण होती.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू नसांच्या गाठीत दडून राहतो आणि वय झालं, मधुमेह वाढला, प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या नसेवरून उतरतो. प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून फोडही एकाच बाजूला. कातडीवर काही दिसायच्या दोन-चार दिवस आधी नुसती आग आणि ठणका असतो, आणि तोंडात तो हुबेहूब दातदुखीसारखा वाटतो. आपल्याकडे याला 'मकडी फिर गई', म्हणजे अंगावरून कोळी फिरला, असं म्हणून चुना नाहीतर मुलतानी माती लावतात, त्यात सोन्यासारखे दिवस जातात. कारण फोड दिसल्यापासून ३ दिवसांच्या, म्हणजे ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं, तीच नस डोळ्यातही जाते. कानात फोड आणि तोंड वाकडं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे, तेही त्याच दिवशी. काकांचा त्रास गोळ्यांनी आटोक्यात आला, पण दाढेचं रूट कॅनल विनाकारण झालं.

सासऱ्यांच्या ओठाकडे येते. तापानंतर ओठाच्या कडेला फुटकुळ्या आल्या की जुन्या बायका म्हणतात 'ताप मुतला', हिंदीतही तसंच म्हणतात. पहिल्या संसर्गानंतर हर्पिसचा विषाणू चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत जाऊन बसतो आणि ताप, जागरण, मासिक पाळी, दातांचं मोठं काम, कडक ऊन अशा निमित्तानं ओठावर येतो. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, चार-पाच दिवसांनी माझ्याकडे असे ओठ हमखास येतात. राजवाड्यावर दुपारभर मार्चच्या उन्हात नाचलेली पोरं असतात. येण्याच्या आदल्या दिवशी त्या जागी चुणचुण होते, मग घोळक्यानं फोड, फुटून पिवळी खपली, आठ-दहा दिवसांत साफ. ज्यांना सारखं होतं त्यांनी चुणचुणीच्याच वेळी औषध घ्यायचं, खपली धरल्यावर घेऊन फारसा फायदा नाही. उन्हात जाताना सनस्क्रीनचा लिप बाम लावला तर काहींचं येणं बरंच कमी होतं.

तर मुलाला आजोबांकडून लागलं का? असू शकतं. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १२ दिवस लागतात, तुमचा हिशेब बसतो. पण हेही लक्षात घ्या की ओठावर काहीही नसतानाही अनेकांच्या लाळेतून हा विषाणू अधूनमधून येत असतो. तुमच्याकडून, माझ्याकडून, शाळेतल्या खेळण्यावरून, कुठूनही येऊ शकला असता. आजोबांना अपराधी वाटू देऊ नका. नातवाचा मुका घेतला एवढंच त्यांनी केलं आहे. पुढच्या वेळी मात्र चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडून कातडी कोरडी होईपर्यंत मुका नाही, त्यांचा पेला-चमचा-पंचा वेगळा, आणि फोडाला हात लागला तर साबणानं धुवायचा.

एका बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, ती म्हणजे तान्ही बाळं. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, आणि पाळण्यापाशी सगळ्या आत्या-मावश्या-काकवा बाळाचे मुके घेतात. पहिल्या चार-सहा आठवड्यांत बाळाला हा विषाणू लागला तर तो यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जिवावर बेततं. ओठावर फोड असलेल्या माणसानं त्या दिवशी लांबूनच बाळाला बघावं, आणि तसं सांगायला आईला संकोच वाटत असेल तर आजीनं सांगावं. बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं तर फोड दिसो न दिसो, थेट इस्पितळात. अंगावर खाजऱ्या इसबाचा, म्हणजे एक्झिमाचा त्रास असणाऱ्या मुलांनाही जपा, त्यांच्या कातडीवर हा विषाणू वणव्यासारखा पसरतो.

कॉलेजच्या वयाच्या मुलांत दोन आठवडे उतरत नसलेला ताप, प्रचंड थकवा, मानेच्या मागे गाठी, टॉन्सिलवर पांढरा थर आणि टाळूवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर एपस्टाइन-बार विषाणूचा विचार करावा लागतो. त्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं की बऱ्याच जणांच्या अंगभर पुरळ उठतं. आणि जिभेच्या कडेला पांढऱ्या उभ्या रेघांसारखं काही पुसूनही न जाणारं दिसलं, किंवा मोठ्या माणसाला कारण नसताना तोंडात वारंवार फंगस होत असेल, तर एचआयव्हीची तपासणी करून घ्या. लवकर कळलं तर आज त्यावर उत्तम औषधं आहेत.

तोंडातल्या या विषाणूंचा भास व्हावा पण ते नसावेत, असेही आजार आहेत. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत हिरड्यांतून रक्त येतं, पण हिरडी सुजलेली नसते, फोड नसतात, अंगावर लाल ठिपके असतात. तेव्हा प्लेटलेट तपासायच्या. हिरड्या फुगल्यात, रक्त येतंय, अंगावर न लागता निळे डाग उठतायत आणि दोन आठवडे झाले तरी उतार नाही, तर साधी सीबीसी करा. रक्ताचा कर्करोग अशाही वाटेनं दाखवून जातो. नवीन औषध, विशेषतः फिटची किंवा सल्फाची गोळी, सुरू झाल्यावर ओठांवर रक्ताची काळी खपली, डोळे लाल आणि अंगावर फोड, तर गोळी बंद करून लगेच इस्पितळ. आणि एकच जखम, न दुखणारी, बोटाला कडक लागणारी, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली, ती कर्करोगाची असू शकते, व्हायरल समजून बसू नका. व्हायरल जखम दोन आठवड्यांत भरते, तीच तिची खूण. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे, पण पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी घेऊन तळहातावर मिसळणारे माझ्याकडे रोज येतात. त्यांच्या अशा जखमेचा तुकडा तपासायला पाठवण्यात एक दिवसही घालवू नये.

पुन्हा तुमच्या बाळाकडे. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, डॉक्टरांना बाटली दाखवा आणि ते म्हणतील तसं करा. ॲसिक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध पहिल्या ३ दिवसांत सुरू झालं तर त्रासाचे दिवस नक्की कमी होतात. तुमचा चौथा दिवस आहे, पण नवे फोड येत असतील किंवा तो काही पीतच नसेल तर डॉक्टर अजूनही देऊ शकतात. म्हणून मी आजच जा म्हटलं. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची आणि ५ मिलीत २५० ची, तेव्हा चमचा भरायच्या आधी लेबल वाचा. ॲस्पिरिन मुलांना नाही. जिभेला बधिर करणारं लिग्नोकेनचं जेल या वयात तुमच्या तुम्ही लावू नका, मूल ते गिळतं आणि झटके येऊ शकतात.

टाकणखार (बोरॅक्स) मधात कालवून लावायचा आजीचा उपाय मला माहीत आहे, माझ्याही आजीनं लावला होता. पण तो पोटात गेला तर विषारी, लहान मुलांना नको. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको. जाईचा पाला चघळणं मोठ्यांनी करावं, तीन वर्षांच्या पोराच्या घशात तो अडकतो. 'पोटात उष्णता झाली' या समजुतीमुळे कुणी मुलाचं जेवण तोडू नये एवढंच मला म्हणायचं आहे. गार द्यायला आमची काहीच हरकत नाही, उलट तेच हवंय.

औषध दिल्यावर अर्ध्या तासानं दुखणं कमी असतं, तीच खाण्याची वेळ. गार दूध, गार केलेली भाताची पेज, साबुदाण्याची पातळ खीर, दही गोड असेल तर फेटून, मलईची कुल्फी. कुल्फी जेवणाआधी द्यायला आयांना कसंतरी वाटतं, पण या आठवड्यात ती औषध आहे. लिंबू, संत्रं, टोमॅटोचं सार, सेव, तिखट-मीठ काही नाही. प्यायला एकदम पेला पुढे केला तर तो नाकारेल. दर दोन-तीन मिनिटांनी एक छोटा चमचा, गोष्ट सांगत सांगत, कधी पाणी, कधी ओआरएस. तासाभरात पेलाभर जातं. हे चिकाटीचं काम आहे, घरातल्या सगळ्यांनी पाळी लावून करावं, एकट्या आईवर टाकू नये.

ब्रश आठवडाभर बाजूला ठेवा, ओल्या स्वच्छ मलमलीनं दात हलकेच पुसा, बरा झाला की नवा ब्रश आणा. बोट चोखायची सवय असेल तर ते बोट जपा, त्यावर फोड येऊन ठणकतो. त्याच बोटानं डोळा चोळला तर विषाणू बुबुळापर्यंत जातो, म्हणून त्याचे हात दिवसातून अनेकदा साबणानं धुवा आणि डोळा लाल होऊन पाणी आलं तर थांबू नका. हनुवटीला साधं व्हॅसलीन लावा म्हणजे लाळेनं कातडी सोलणार नाही.

साधारण सहाव्या-सातव्या दिवशी तो स्वतःहून काहीतरी मागेल. हिरड्यांची लाली त्यानंतर हळूहळू ओसरते, सगळं मिळून १० ते १४ दिवस धरा. व्रण राहत नाहीत. प्ले स्कूलला ताप जाऊन, लाळ गळणं थांबून आणि तोंडाबाहेरचे फोड सुकून गेल्यावर पाठवा. लाळेतून विषाणू त्यानंतरही काही आठवडे थोडा-थोडा येत राहतो, म्हणून पाण्याची बाटली आणि रुमाल त्याचा त्याचाच असू द्या, आणि टीचरना स्पष्ट सांगा की मुलांच्या तोंडात जाणारी खेळणी रोज धुवायची. हात-पाय-तोंडाचा आजार असता तर शौचातूनही आठवडेच्या आठवडे विषाणू आला असता, आणि त्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाणीच लागतं, हेही त्यांना सांगून ठेवा. त्याच्याच वर्गात पुढचं मूल ताप घेऊन आलं तर त्याची आई तुम्हालाच विचारेल. तेव्हा तिला आधी मुलाचा ओठ उचलून हिरड्या बघायला सांगा.